एक पूर्ण मिनिट

पाळण्यावरचं जाड कापड उचलायला बुरुलने हात घातला आणि म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"बाळाला चाळीस दिवस झाले नाहीत अजून. आज एकतिसावा. परक्याची नजर नको."

"नजर कसली, आजी? श्वास बघायचाय मला."

"चालूय की श्वास. झोपलंय ते. असं गुणी पोर या कुरणावर दुसरं दाखव." तुर्सुनाय आजीने दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे मान वळवली. "फोन लागावा म्हणून टेकडी चढायला हिचे पाय चालतात. घोडीचं दूध काढायचं म्हटलं की दुखतात."

जिपारा दारातून आत सरकली. तिच्या सदऱ्यावर छातीशी दुधाचे दोन ओले डाग पसरले होते.

"शेवटचं कधी पाजलंस?" बुरुलने विचारलं.

"काल संध्याकाळी. आज तोंडच लावत नाही. ताप नाही, ताई. उलट पाय गार लागतात."

बुरुल अँब्युलन्सबरोबर या डोंगरांतून वीस वर्षं फिरत होती. पिशवीतला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा मोठ्या माणसाच्या मापाचा होता. तो तिने बाहेरच काढला नाही. पाळण्यात बाळ खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांनी आवळलेलं असणार. वरून नुसता हात ठेवून काही कळण्यासारखं नव्हतं. आणि म्हातारीला बाजूला सारून कापड ओढलं, तर ही माणसं बाळाला गाडीत चढवू देणार नाहीत, हेही तिला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मी बघत नाही. तुम्हीच पट्टे सोडा, पोटावर हात ठेवा आणि मोजा. पोट वर आलं की एक. मी घड्याळ बघते."

"मोजायला मला शिकवतेस? सहाशे मेंढ्या मोजते मी रोज."

"मग काय प्रश्नच नाही."

बुरुल पाठ करून बसली. पट्टे सुटल्याचा आवाज आला.

"अर्धं मिनिट बास की, ताई," दाराबाहेरून ड्रायव्हर मेदेर म्हणाला. "नंतर दुप्पट करा. नदीचं पाणी चढतंय."

"एवढी पोरं थांबून थांबून श्वास घेतात. पूर्ण मिनिट लागतं. गप्प बस. हं, आजी, सुरू."

चुलीवरची किटली तेवढी वाजत होती. म्हातारी तोंडातल्या तोंडात मोजत होती. काटा फिरून जागेवर आला.

"थांबा. किती?"

"छत्तीस."

बुरुलचे खांदे सैल झाले. छत्तीस म्हणजे एवढ्या बाळाला ठीकच.

"बघ!" म्हातारी सुनेला म्हणाली. "सरकारी गाडी पळवलीस उगीच."

बुरुलने वहीत आकडा लिहायला पेन टेकवलं. समोर जिपारा ओढणीचं टोक सदऱ्यावरच्या ओल्या डागांवर दाबून धरत होती. पेन तसंच राहिलं. दूध सोडलेल्या, पाय गार पडलेल्या बाळाचा श्वास इतका ठीक कसा?

"आजी, कसं मोजलंत?"

"कसं म्हणजे? मेंढ्या मोजतो तसं."

दाराबाहेर मेदेर एकदम उठून उभा राहिला. तोही धनगराचाच पोर. "जोडीनं?" त्याने विचारलं.

"मग? दोन गेल्या की एक बोट. इथं एकेक करून मोजतं का कुणी?"

 म्हातारीने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे बहात्तर," ती हळू म्हणाली. "जास्त आहेत?"

"साठाच्या पुढे जास्तच. तो झोपलेला नाही, आजी. दमलाय. रडायलाही ताकद नाही त्याला."

 म्हातारीने कापड दोन्ही हातांनी उचलून बाजूला टाकलं. "वळ इकडे," ती म्हणाली. "बघ काय बघायचं ते."

बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. बुरुलने छातीच्या मधोमध बोट दाबून उचललं. पांढरा पडलेला डाग पुन्हा लालसर व्हायला चार सेकंद लागले; दोन-तीनच लागायला हवे होते.

"गाडी वळव!" तिने मेदेरला हाक दिली.

नदीपर्यंतची वाट दगडांचीच होती. जिपाराने बाळाला उघड्या छातीशी धरलं होतं, वरून लोकरीची शाल. बुरुल नाकाजवळ ऑक्सिजनची नळी धरून होती. म्हातारी बोलावल्याशिवायच चढली होती आणि आता आधारासाठी सीटची कड धरून बसली होती.

"माझा थोरलाही असाच गुणी होता," ती म्हणाली. "कध्धी रडला नाही. अठरा दिवस."

जिपाराने सासूकडे पाहिलं. या घरात थोरला म्हणून तिने फक्त आपल्या नवऱ्यालाच ओळखलं होतं.

बुरुलने नळी क्षणभर जिपाराच्या हातात दिली. हातातलं घड्याळ सोडून तिने म्हातारीच्या मनगटावर बांधलं.

म्हातारीने शालीखाली हात घातला. बाळाच्या पाठीवर तळवा नीट टेकेपर्यंत ती थांबली.

"एक," ती म्हणाली.