नातीच्या अंघोळीचं पाणी

माझ्या नणंदेने पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, त्याच वर्षी आम्हाला नात झाली. शुक्रवारपासून जोडून तीन दिवस सुट्टी आली, तेव्हा मुलगा आणि सून तिला पहिल्यांदा आमच्याकडे घेऊन आले.

आमचे हे जन्मभर बेकरीत भट्टीवर होते. रात्रभर पाव भाजायचे आणि सकाळी घरी येऊन झोपायचे. पोटच्या पोराला अंघोळ घालणं त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर करून टाकलं, "उद्याची अंघोळ माझ्याकडे."

सून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "घालू दे गं. मी आहे ना शेजारी."

सकाळी ह्यांचा बेकरीतला जुना मित्र आला. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, म्हणून त्याला सगळे पीठ्या म्हणत. तो मोरीच्या दारात स्टूल टाकून बसला.

"अरे, पोरगी आहे ती. कणकेचा गोळा समजून मळू नकोस."

"तू तोंड मीट."

पाणी ह्यांनीच तापवलं, टबात ओतलं, विसण घातलं आणि हात बुडवून पाहिला. "झकास कोमट झालंय. आणा तिला."

सून बाळाला घेऊन वाकली. मी सवयीने टबात कोपर घातलं आणि चटकन बाहेर काढलं. "थांब, थांब! चटका बसतोय!"

"काहीतरीच काय!" म्हणत ह्यांनी पुन्हा हात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. हात लालबुंद झाला तरी ह्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. पीठ्याने बोट घालून पाहिलं आणि झटकलं. तेव्हा तो काही हसला नाही.

भट्टीतले पावाचे तापलेले पत्रे हे उघड्या हाताने ओढत. त्याची बेकरीभर फुशारकी मारत. पण त्या हातांना आता काही कळेनासं झालंय, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

अंघोळ मग मी घातली. हे बाहेर पायरीवर जाऊन बसले. सून बाळाला त्यांच्या मांडीवर द्यायला गेली, तर दोन्ही हात काखेत घालून म्हणाले, "नको, सर्दी झालीय मला."

मुलगा म्हणाला, "बाबा, काही झालं नाही ना तिला?"

"झालं असतं."

एवढंच बोलले. नीट जेवलेही नाहीत.

रविवारी संध्याकाळी मंडळी परत निघायची होती. म्हणून मी पीठ्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सकाळी सुनेने स्वतः टब भरला आणि हाक मारली, "बाबा, पाणी बघता का?"

"थट्टा करतेस होय म्हाताऱ्याची?"

"थट्टा कसली? बाही वर करा. कोपर तर भट्टीत घातलं नव्हतं ना?"

"त्याचा काही भरवसा नाही," पीठ्या स्टुलावरून म्हणाला.

हे उठले. बाही दुमडली. कोपर पाण्यात टेकवलं.

"गरम आहे," ते म्हणाले. "बरंच गरम आहे की!"

सुनेने गार पाण्याचा तांब्या पुढे केला. थोडं ओतायचं, कोपर बुडवायचं, पुन्हा थोडं ओतायचं, असं त्यांचं चाललं.

"गोठवतोस काय पोरीला?" पीठ्या ओरडला.

"हं. आता आणा."

त्यांनी तिला मानेखाली हात देऊन अलगद पाण्यात घेतलं. पोरीने अंघोळभर भोकाड पसरलं. आजोबा मात्र बाही भिजवत, मिशीतल्या मिशीत हसत होते. पाणी सुनेने मुद्दाम गरम ठेवलं होतं का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

पुढे ती मंडळी आली की सामान आत यायच्या आधी ह्यांची बाही वर गेलेली असायची. नात मोठी होऊन "मी माझी करते" म्हणाली, तरी पाणी बघायचं काम त्यांनी सोडलं नाही.

ती पहिलीत गेली त्या वर्षी, थंडी संपता संपता, हे वारले. पीठ्या त्यांच्या आदल्या वर्षीच गेला होता.