आखूड चादर

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी गोणपाटाची एक जुनी चादर आहे आणि माझ्या अंगाला वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. बटाट्याची पोती उसवून, दाभणाने एकमेकांना जोडून मला शिवलं ते रोपवाटिकेतल्या वहिनीने. नातं असो-नसो, तिला सगळे वहिनीच म्हणत.

आदल्या हिवाळ्यात रातोरात दंव गोठलं आणि तिची सगळी रोपं गेली. पानांतलं पाणीच गोठलं होतं. ऊन आलं तशी ती उकडल्यासारखी लुळी पडली, मग काळी झाली. वनखात्याच्या साहेबांनी तेव्हाच बजावलं, "पुढच्या वर्षी डोंगरावर झाडं जगली नाहीत तर रोपवाटिका बंद. डोंगर खाणवाल्यांना जाईल." वहिनीची चूल, खाट, सगळा संसार रोपवाटिकेतल्या एका खोलीत होता. म्हणून माझा जन्म झाला.

संध्याकाळची हवा बोचू लागली, की ती मला वाफ्यावरच्या कमानींवर पसरायची. पण माझं माप चुकलं होतं. कडेची एक ओळ उघडीच राहायची. "मेली आखूड ती आखूडच," म्हणत ती मला रोज ताणायची. आणखी एक पोतं मागायला गेली, तर साहेब म्हणाले, "रोपांना आता रजया शिवता का?"

तिचा दीर जंगलावर राखणदार होता. तो एकदा म्हणाला, "वहिनी, थंडी हळूहळू वाढतेय तोवर रोपांना ती थोडी थोडी सोसू द्या. अंग घट्ट होतं त्यांचं. डोंगरावर कोण पांघरूण घालणार आहे?"

"भाऊजी, गेल्या वर्षीची मेलेली रोपं तुम्ही नाही उपटलीत. मी उपटली."



माझ्या उबेतली रोपं हिरवीगार, लुसलुशीत झाली. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि मीही फुगायचे. कडेची ओळ मात्र खुजी, तांबूस, रडक्या तोंडाची. लागवडीच्या वेळी "खड्डे उरलेत तर लावा झालं," म्हणून ती शेवटी लावली.

डोंगरावरची जागा बशीसारखी खोलगट होती. गार हवा जड असते, ती उतरते आणि अशाच जागी साचते. एका संध्याकाळी आभाळ निरभ्र झालं, वारा पडला. वहिनी मला खांद्यावर टाकून धावत वर गेली. एवढ्या रोपांत मी एकटी. कुणाला झाकावं तिला कळेना. या रोपावर टाकायची, त्या रोपावरून ओढायची. शेवटी जमतील तेवढ्यांवर मला पसरून ती तिथेच बसून राहिली. इथे कमानी नव्हत्या. मी पानांवरच पडले, ओली झाले आणि पत्र्यासारखी कडक झाले.

सकाळी तिने मला उचललं. माझ्याखालची रोपंही काळी पडली होती. आजूबाजूची तर होतीच. उभी होती फक्त ती कडेची ओळ. तिच्यावरचं दंव वितळलं आणि तांबूस पानं तशीच ताठ राहिली.

वहिनी त्या ओळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तेवढ्यात राखणीवरून परतणारा दीर तिथे आला.

"भाऊजी, माझ्या हातानेच मारली मी."

"हो," तो म्हणाला.

तेवढंच बोलला. मला त्याचा फार राग आला. खोटं बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं?

साहेब येऊन बघून गेले. "एका ओळीचं जंगल होतं का?" असं म्हणून हसले. रोपवाटिकेला कुलूप लागलं. वहिनी बोचकं घेऊन निघाली, मला कुंपणावर टाकून. एकदाही वळून पाहिलं नाही तिने. मग खाणीची यंत्रं आली आणि ती ओळ त्यांच्या वाटेत होती.

आता मला रोज एका यंत्रावर पांघरतात. त्याला थंडी वाजत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कुणावर तरी माया कराल. त्याच्यासाठी माझ्यासारखी चादर शिवाल. जरूर शिवा. फक्त जरा आखूड शिवा.