तिसरं नाव

"वहिनी, वाट पाहू नका. हेमंत गेला. विमान पेटताना मी डोळ्यांनी पाह्यलं."

नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या खिडकीतून आलेला, नवऱ्याच्या हवाईदलातल्या दोस्ताचा, सुरेशचा तो आवाज बारा वर्षं झाली तरी जयवंताच्या कानातून गेला नव्हता. सुट्टी संपवून तो रामाकोन्याहून ब्रह्मदेशाच्या लढाईवर परत निघाला होता. इंजिन पाणी पीत होतं तेवढ्यात एवढंच बोलला आणि गाडी हलली. महिनाभरात त्याचंही विमान पडलं. आणि आज सौंसरच्या त्याच फलाटावर त्याच सुरेशच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर कवडू पाथरवट टाकी ठोकत होता.

नागपूरहून सकाळच्या गाडीनं स्मारकाचा दगड उतरला होता. या मुलुखातून हवाईदलात गेलेले तिघे त्याच्यावर यायचे होते. पहिलं नाव बोरगावच्या मुलाचं, दुसरं सुरेशचं. तिसऱ्या नावाची जागा कोरी होती. पंधरा ऑगस्टला कलेक्टरसाहेब येणार, हार घालणार, भाषण करणार.

"मालक, मराठीत कोरून राहिलो ना मी? का हिंदीत पाह्यजे?" कवडूनं धूळ फुंकत विचारलं. "आता राजधानी भोपाळले गेली म्हणतात."

"अक्षर तेच असते रे," जयवंताचे सासरे बापूजी म्हणाले.

"मंग दगडाले पत्ताच नाही का आपण कोन्या राज्यात गेलो!" कवडू हसला. त्यानं आभाळाकडे पाहिलं. "तिसरं नाव घेऊ का? पाणी येऊन राह्यलं."

"थांब. उद्या."

बापूजींनी जयवंताच्या हातून फोटो घेतला आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसली. गणवेशातला हेमंत हसत होता. सासऱ्यांनी हा फोटो हातात धरल्याचं जयवंता पहिल्यांदाच पाहत होती. बेचाळीसात ते जबलपूरच्या तुरुंगात असताना मुलगा इंग्रजांच्या हवाईदलात भरती झाला. सुटून आले त्या दिवशी त्यांनी घरात सांगितलं, त्याचं नाव या उंबऱ्याच्या आत निघता कामा नये. सरकारी लिफाफे आले ते त्यांनी न फोडता परत धाडले. त्यामुळे हेमंत घराच्या हिशेबी मेला नाही, जगलाही नाही. हरवला.

हरवलेल्याची बारा वर्षं भरली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. उद्या सकाळी कन्हानच्या काठी ते व्हायचं होतं. पुतळा पेटला की त्याच घटकेला जयवंताचं कुंकू पुसायचं होतं. मग तिसरं नाव. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांच्या रांगेत कसं घालायचं, असं भटजी म्हणाले होते.

"सूनबाई, परवा तुला पुढे बसावं लागेल," बापूजी म्हणाले. "पांढरं नेसून. लोकं वीरपत्नी म्हणून पाहतील."

जयवंतानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिच्या मुठीत त्याचा बोळा झाला.

"मामंजी, यांचं नाव घ्यायची बंदी कोणी घातली होती?"

"तेव्हाची गोष्ट अलग होती."

"काय अलग होतं?"

"इंग्रजांचं राज्य होतं. मी जेलात अन् पोरगा त्यांच्या विमानात! बाजारात लोकं तोंडावर हसत मला. आता तेच लोक म्हणून राहिले, सौंसरचा वीर."

"म्हणजे लोकांनी म्हटलं, तेव्हा मुलगा तुमचा झाला."

बापूजींचा हात फोटोवर थबकला. "जबान सांभाळून बोल. फलाट आहे हा."

कवडूनं मान खाली घातली आणि उगाचच टाकीचं टोक न्याहाळू लागला.

शकुबाई इतका वेळ मागे उभ्या होत्या. बापूजींची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून डोईवर केस नाहीत आणि अंगावर तेच लाल आलवण. भावाच्या घरचं दळण, सारवण, बाळंतपणं त्यांच्या अंगावर, पण हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी गोठ्यात बसायचं. लग्न होऊन आलेल्या जयवंतानं पहिल्याच संक्रांतीला त्यांना तिथे पाहिलं होतं. गाईच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

सुरेश सांगून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंता जात्यावर बसली. रडायची सोय नव्हती. खुंटा धरला आणि तोंडातून आपोआप निघालं,

आभाळी गेला सखा, आभाळ खाली येईना
दाण्याचं पीठ झालं, दुःखाचं पीठ होईना

घरच्यांना वाटलं, सून वाट पाहते आहे. शकुबाई समोरून खुंट्याला हात लावायच्या आणि मागून सूर धरायच्या. काही विचारायच्या नाहीत. दळण झाल्यावर जयवंता तोंड धुई, आरशासमोर उभी राही आणि कुंकू रेखी. रोज. रेघ वाकडी आली तर पुसून पुन्हा रेखी.

आता शकुबाईंनी तिचा हात धरला. जात्यानं घट्टे पडलेला तळवा.

"चल पोरी, घरी चल. भांडून काही होत नाही." मग त्या कानाशी आल्या. "उद्या मला सांगितलंय पुसायला. मी हळूच पुसीन गं. तुला दुखू नाही देणार."

जयवंतानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या माउलीला खरंच एवढंच सांगायचं होतं. यापलीकडे कुणासाठी काही करता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.  

तिनं हात सोडवून घेतला आणि दगडाजवळ गेली.

"कवडूदादा, घ्या कोरायला."

"काय नाव, बाई?"

"हेमंत."

नवऱ्याचं नाव ती उखाण्याबाहेर पहिल्यांदा उच्चारत होती. शकुबाईंनी आलवणाचा पदर तोंडावर धरला.

"वेड लागलं का?" बापूजी ओरडले. तिकिटाच्या खिडकीपाशी उभे असलेले दोघे वळून पाहू लागले. "उद्या विधी आहे! पुतळ्याला अग्नी दिल्याशिवाय..."

"कशाला जाळता पानं? ते कधीच जळाले." जयवंताचा आवाज चढला नाही, पण फलाटभर ऐकू गेला. "बारा वर्षांआधी सुरेशभाऊजींनी मला इथंच सांगितलं. मला माहीत होतं, मामंजी. वाट मी एक दिवसही पाहिली नाही. तुम्ही आत्याबाईंचं जे केलं, ते माझं करू द्यायचं नव्हतं. म्हणून कुंकू लावत होते. उद्याही लावीन."