स्रेच्कोचा वीतभर सुरा

या, जरा जवळ सरकून बसा. लाजेनं मान खाली घालून डोंगर उतरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. आमच्याच कोचेव्येच्या रानातली आहे.

स्रेच्को बेचाळिशीचा, पेशानं सुतार. शिकारी मंडळात उमेदवारी करत होता. आमच्याकडे उमेदवाराला गुरू नेमून देतात, आणि शिष्य चुकला की बोल गुरूला लागतो. त्याचा गुरू म्हातारा ओझबोल्ट. स्रेच्कोला हत्यार एकच हवं होतं. रानात मुक्काम पडला तर आडोशाच्या फांद्या तोडायला तेच, आणि हरीण साफ करायलाही तेच.

दुकानात ओझबोल्टनं चार बोटं पात्याची सुरी त्याच्या तळहातावर ठेवली. "ही घे. पातळ आहे. काडी तासेल, विस्तवाला सालपं काढेल, आणि हरणाच्या पोटात बोटासारखी फिरेल. मोठ्या लाकडाला कुऱ्हाड असते, बाबा."

स्रेच्कोची नजर मात्र काचेमागच्या वीतभर सुऱ्यावर. जाड पाठ, पाठीला करवतीचे दाते.

"काका, यानं दोन्ही कामं होतील."

"का रे, अस्वलाशी कुस्ती ठरलीय तुझी?"

दुकानदार फिसकन हसला, आणि तिथंच स्रेच्कोचा हट्ट पक्का झाला. सुरा कमरेला लावूनच तो बाहेर पडला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यानं पहिलं हरीण टिपलं, एका गोळीत. ओझबोल्ट आणि मंडळाचा प्रमुख वेन्त्सेस्लाव तिथं पोचले. रीत अशी, की आधी जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. तो त्याचा शेवटचा घास. डहाळी हातानं मोडायची, तिला लोखंड लावायचं नाही. स्रेच्कोला हे पाठ होतं. पण कमरेला नवा सुरा, आणि बघायला दोन माणसं! त्यानं फरच्या झाडाची अख्खी फांदी एका घावात उडवली.

"घास भरवतोयस की सरपण नेतोयस?" वेन्त्सेस्लाव म्हणाला.

ओझबोल्टनं टोपी काढली, स्वतः डहाळी मोडली आणि घास ठेवला. स्रेच्कोचे कान तापले. तशाच घाईत त्यानं पोट उघडायला घेतलं. लांब टोक आत कुठवर गेलं ते त्याला कळेना. आतडं फाटलं, हिरवट घाण मांसावर पसरली. देवानं दिलेलं अन्न त्याच्या डोळ्यांदेखत नासत होतं.

"हा असला सुरा याला कुणी घ्यायला लावला?" वेन्त्सेस्लाव गरजला.

स्रेच्को खाली बघून सुरा गवतावर पुसू लागला.

"मी," ओझबोल्ट म्हणाला. "माझीच निवड चुकली."

"चाळीस वर्षं रानात काढून?"

"म्हातारा झालो रे."

आणि स्रेच्को गप्पच राहिला. ओझबोल्टनं गुडघे टेकले, आपली छोटी सुरी काढली, नासलेलं छाटून उरलेलं मांस वाचवलं. मग रीतीप्रमाणे स्रेच्कोच्या टोपीत डहाळी खोचली. "आजपासून तू आमचा भाऊ." उतरताना स्रेच्कोला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी मंडळाच्या खोपटात पेले भरले. वेन्त्सेस्लावनं नव्या भावाच्या नावानं पेला उचलला, तेवढ्यात स्रेच्को उभा राहिला.

"काका नको म्हणत होते. सुरा मी हट्टानं घेतला. आणि तिथं... तिथं मी गप्प बसलो."

"ठाऊक आहे," वेन्त्सेस्लाव म्हणाला. "ओझबोल्ट असला सुरा निवडेल होय? तू कधी बोलतोस तेच बघत होतो."

ठाऊक होतं! आता तर त्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्यानं डहाळी काढून ओझबोल्टपुढं ठेवली. "पुढच्या वर्षी द्या, काका. लायक दिसलो तर."

ओझबोल्टनं डहाळी ठेवून घेतली. पावाची थाळी सरकवली. "जेव आधी."

ओझबोल्ट आता नाही. दुसऱ्याचं उणं मुकाट्यानं अंगावर घेणारी माणसं देव मोजकीच धाडतो. आज हात जोडाल तेव्हा त्याचं नाव एकदा घ्या, एवढंच मागणं.