पुढे मोकळं आहे

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. किती जुनी? माझी आई तिच्या आईच्या पोटात मसुराच्या दाण्याएवढी होती ना, तेव्हापासूनची.

त्या दाण्यात नुसती धांदल उडाली होती. कुणी हृदय व्हायला निघालं होतं, कुणी पाठीचा कणा. आम्हा काही जणींना मात्र बाहेर, बलकाच्या पिशवीच्या भिंतीत थांबवलं होतं. मग निघायची वेळ झाली. आत आमच्यासाठी एक जागा, अंडाशय, तयार होत होती. तिथे पोहोचलो तर पुढची पिढी आमच्यातून; नाही तर वाटेतच संपायचं.

आम्हाला ना डोळे, ना पाय. वासावर जावं तशा आम्ही सरपटत निघालो. आधी कोवळ्या आतड्याच्या भिंतीतून, मग एका पातळ पडद्यातून वर. दाणा वाढत होता, म्हणून वाटही चालता चालता लांबत होती.

आजी तेव्हा बसमध्ये कंडक्टर होती. पोटात कुणी आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. मला कान कुठले! पण पुढे कान फुटल्यावर हा किस्सा घरात इतक्यांदा ऐकला, की पाठ झाला. आजी ओरडत होती, "अहो काका, पुढे मोकळं आहे! दारातच काय बिऱ्हाड मांडलंय?" आणि एकाएकी तिला घेरी आली.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, डबल बेल देताय की झोपलात?"

"थांबा हो, पोटात ढवळतंय."

खिडकीजवळची एक म्हातारी उठली. "बस गं पोरी. सगळ्यांना जागा देतेस, आज तू बस."

त्याच सुमारास आमचं शेवटचं वळण आलं. माझ्या सोबतिणीचं ते चुकलं. ती मधेच अडकली आणि विरून गेली. मी पोहोचले. तिथल्या पेशींनी मला कुशीत घेतलं.

मग नुसती वाट पाहणं. आई जन्मली, शिकली, नोकरीला लागली. एकेकीला बोलावणं येई, ती जाई, आणि तिथेच तिचं संपे. मला वाटायचं, मला विसरलेच सगळे. आणि एक दिवस माझी पाळी आली. माझं मात्र तिथे संपलं नाही, सुरू झालं.

मित्रांनो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या आत कोण किती लांबून चालत येतंय, ते दिसत नाही. म्हणून जागा द्यावी, न विचारता.

काल मला आजीच्या हातात दिलं. केस पिकलेत, आवाज तोच. "सरका सगळे, नात बघू दे मला! काय गं, कुठे होतीस इतके दिवस?"

मला अजून बोलता येत नाही. नाही तर सांगितलं असतं, तुझ्याच गाडीत होते गं आजी. बिनतिकिटाची.