चोवीस तास गार

तीस वर्षं केवलरामांनी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीपुढे काढली. तिथली रीत अशी, की शेजारच्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्यापुढे पाणी धरायचं. त्या रीतीनंच त्यांचा घात केला म्हणा ना! पाणी मागायची सवय या माणसाला कधी लागलीच नाही.

दिवाळीत लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तरी खाटेशेजारच्या माठात डाव्या हातानं गडवा बुडवून ते आपलं पाणी आपण पीत. मग सून उन्नतीनं चोवीस तास पाणी गार ठेवणारी महागाची स्टीलची बाटली आणली आणि माठ उचलून गच्चीवर ठेवला. झाकण फिरवायला लागतात दोन हात. केवलरामांनी बाटली मांड्यांत दाबून पाहिली, दात लावून पाहिले. हिरडीतून रक्त आलं, मेलं झाकण काही हललं नाही. एकदा लाज गिळून सुनेला खूण केली. तिनं दोन घोट पाजले आणि झाकण पुन्हा कचकचून आवळलं.

मे महिना, मरोदा वसाहतीतलं ऊन. दुपारी चारला शेजारच्या मनकर्णाकाकू बाटली पाहायला आल्या.

"काय वो उन्नती, घेण्यासारखी हाय का?"

"एकदम मस्त, काकू! सकाळी आठला बर्फ टाकला. पाहा."

तिनं झाकण उघडलं. आत बर्फ खुळखुळला. केवलरामांनी डावा हात पुढे केला. "पा... पा..."

काकूंनी गळ्यापर्यंत भरलेली बाटली पाहिली, मग तो हात पाहिला. त्यांना सारं उमगलं, ते केवलरामांना त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. काकूंचा नवरा प्लांटमध्ये केवलरामांच्याच पाळीत होता. आता ही बाई सुनेला चांगली फैलावर घेणार! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"पानी नाही पीत का हे?"

"कमीच पितात. चादरी धुवायचा तरास वाचून राहिला ना."

काकूंच्या घरीही सासू अंथरुणाला खिळलेली. त्यांनी झाकण लावलं, जोर देऊन आवळलं, एका हातानं फिरवून पाहिलं.

"म्हातारीच्या हातानं तं नाहीच उघडनार हे."

"नाही उघडत."

"मंग मले बी एक मागवून दे," काकू म्हणाल्या, आणि बाटली केवलरामांच्या डाव्या हाताशी नीट ठेवून गेल्या.