निळ्या शेपटीचा पाहुणा

सुजाण नागरिकहो, उंदीर कोणाच्या घरात शिरत नाही? परंतु ‘आमच्याकडे उंदीर झाले आहेत’ हे शेजाऱ्यास सांगताना भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. आमच्या कथेतील शिंपीदादांचेही तेच झाले.

एका ओळीत तीन बिऱ्हाडे, तिन्ही भाड्याची. पहिल्यात शिंपीदादा सपत्नीक राहत, मधल्यात इस्पितळात नर्स असलेल्या ताई आणि शेवटच्यात, थापी खाली ठेवून विश्रांती घेणारे वृद्ध गवंडीकाका. दादांच्या शिलाई यंत्राशेजारी शाळेच्या वाद्यपथकाचे तीस कोट रचलेले होते. ते शनिवारी द्यावयाचे होते. इतके मोठे काम दादांना आयुष्यात प्रथमच लाभले होते. ते बिघडले तर शाळेचे दार कायमचे बंद!

अशा समयी घरात उंदरांनी उच्छाद मांडला. दादा पिंजरा लावीत आणि सकाळी त्यात उंदीर सापडला की पिंजरा पिशवीत झाकून मागच्या बोळात जात व ताईंच्या मोरीपाशी सोडून येत.

“अहो, हे बरं दिसतं का?” पत्नीने विचारले.

“हळू बोल! मालकाला कळलं तर खोली खाली करायला लावेल. आणि ताई एकट्याच तर राहतात. त्यांना एक उंदीर काय जड आहे?”

“सोबत म्हणून पाठवताय वाटतं!”

गुरुवारी मात्र पिंजऱ्यात एक चमत्कारिक उंदीर सापडला. शेपटी निळीशार! दादांनी त्याचीही नेहमीच्या वाटेने पाठवणी केली. शुक्रवारी सकाळी पाहतात तो काय, वरच्याच कोटाची बाही कोपरापर्यंत कुरतडलेली! दादा उरलेले कोट एकेक करून तपासू लागले.

इतक्यात दारात गवंडीकाका उभे राहिले. हातात पिंजरा, पिंजऱ्यात तीच निळी शेपटी. मागे ताई, मान खाली घालून.

“ओळखलंत ना पाहुण्यांना?” काका म्हणाले. “सोमवारी मला सापडला. शेपटी रंगवून बोळात सोडला, म्हटलं बघू कुठे जातो. आज परत माझ्याच घरी हजर!”

“काका, काल मीच तो तुमच्या मोरीत सोडला,” ताई पुटपुटल्या. “नर्सच्या घरात उंदीर, लोक काय म्हणतील?”

दादांनी हातातला कोट खाली ठेवला. “ताई, तुमच्याकडे तो मी सोडला होता. आजवरचे सगळे मीच सोडले.”

“तरीच! आमच्याकडे येताना जेवून यायचे सगळे!” ताई म्हणाल्या.

“मग माझा कोट कोणी खाल्ला?”

“याच्या भावकीने!” काका गरजले. “अहो, चाळीस वर्षं भिंती बांधल्या मी. उंदराला बिऱ्हाडं कळत नाहीत, भोकं कळतात. अंगठ्याएवढं भोक त्याला दरवाजासारखं. तिघं मिळून एकच उंदीर फिरवत बसलो आणि भोकं तशीच राहिली!”

अरेरे! केवढा हा अविचार! दादांचे डोळे उघडले. “चला मालकाकडे,” ते स्वतःच म्हणाले.

मालक कडाडला, “उंदीर झालेत? मग खोल्या खाली करा!”

“करतो की,” काका शांतपणे म्हणाले. “पण मागे जे राहतील, ते भाडं देणार नाहीत!”

मालकाला हसू आवरेना. त्याने सिमेंट व जाळी दिली. काकांनी पुन्हा थापी उचलली. प्रत्येक भोकात तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट लिंपले. अशी चौदा भोके बुजली, मोऱ्यांना जाळ्या बसल्या. दादांच्या पत्नीने तिन्ही घरांतील धान्य झाकणाच्या डब्यांत भरले. कुरतडलेली बाही ताईंनी उसवून दिली आणि दादांनी उरलेल्या कापडातून नवी जोडली. निळ्या शेपटीला तिघांनी मिळून दूर माळावर नेऊन सोडले.

शनिवारी ढोल वाजवीत पथक त्याच रस्त्याने गेले. तीस कोट दिमाखात झळकले! नवी बाही कोणती, हे खुद्द दादांच्या पत्नीलाही ओळखता आले नाही. त्यानंतर पिंजरे रिकामेच राहिले. दादा आता आपल्या पिंजऱ्यात दोऱ्याची रिळे ठेवतात.

बंधुभगिनींनो, आपली पीडा शेजाऱ्याच्या दारी सोडली तर ती बोळाला वळसा घालून आपल्याच घरी परतते. म्हणून लाज सोडा, शेजाऱ्याचे दार वाजवा. भिंत सामाईक असेल, तर तिचे भोकही दोघांनी मिळूनच बुजवावे लागते!